रकाना कारकुनाच्या मालकीचा नसतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात संपादकीय पानावर आलेला अमेरिकेतल्या खटल्यांवरचा लेख वाचला. रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळचं सगळं बाजूला ठेवून हे पत्र लिहायला बसले आहे. समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला विरोध म्हणून लग्नाचे परवाने देणं बंद करणाऱ्या, केंटकी राज्यातल्या किम डेव्हिस बाईंची याचिका अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 10 नोव्हेंबर 2025 ला सुनावणीलासुद्धा घेतली नाही, याचं लेखकाला दुःख झालं आहे. ते त्यांनी जरूर मांडावं. पण 'एका साध्या कारकून बाईच्या श्रद्धेचा बळी' आणि 'मृत्यूच्या दाखल्यावरच्या एका रकान्यासाठी एवढं महाभारत' ही दोन वाक्यं माझ्या घशाखाली उतरली नाहीत. मी स्वतः कारकून होते. नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर माझी 26 वर्षं गेली. रकाना म्हणजे काय, हे निदान मला तरी कोणी शिकवू नये.

एक बाई दर सोमवारी माझ्या टेबलासमोरच्या बाकावर येऊन बसायच्या. हातात कापडी पिशवी, तिच्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. दवाखान्यातून आलेल्या नोंदीत त्यांच्या मालकांचं नाव 'बाळू' पडलं होतं, पेन्शनच्या कागदावर 'बाळकृष्ण' होतं. तेवढ्यासाठी त्यांची फॅमिली पेन्शन अकरा महिने अडली. नवरा खरा, मरण खरं, ती बाई माझ्यासमोर बसलेली, आणि कागदाच्या हिशेबी ती कोणाचीच कोणी नव्हती. प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, साहेबांची सही, असं सगळं होऊन दुरुस्त दाखला हातात पडला तेव्हा त्यांनी तो आधी कपाळाला लावला. एका रकान्याची किंमत एवढी असते.

आता ओहायो राज्यातला तो 'रकाना' बघू. सिनसिनाटीचे जॉन आर्थर एएलएस या स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजाराने अंथरुणाला खिळले होते. ओहायोत दोन पुरुषांचं लग्न होत नव्हतं, म्हणून मित्रमंडळींनी पैसे जमवले, रुग्णांसाठीचं विमान ठरवलं, आणि 11 जुलै 2013 रोजी मेरीलँडमध्ये धावपट्टीवर उभ्या असलेल्या त्या विमानातच जिम ओबर्गफेल यांच्याशी त्यांचं लग्न लागलं. जॉन यांच्या नात्यातल्याच एका बाईंनी लावलं. लगेच परत. मग एका वकिलांनी त्यांना मृत्यूच्या दाखल्याचा कोरा नमुना दाखवला आणि सांगितलं, जॉन गेले की इथे 'अविवाहित' लिहिलं जाईल आणि जोडीदाराच्या जागी तुमचं नाव नसेल. 19 जुलैला फेडरल न्यायालयात दावा दाखल झाला, 22 तारखेला न्यायाधीश टिमथी ब्लॅक यांनी दाखल्यावर हे लग्न नोंदवण्याचा तात्पुरता आदेश दिला, आणि तीन महिन्यांनी, 22 ऑक्टोबरला जॉन गेले. राज्य सरकारने अपील केलं. म्हणजे गेलेल्या माणसाचा दाखला पुन्हा काढून त्यावर 'अविवाहित' लिहिता यावं, म्हणून एक अख्खं सरकार न्यायालयात लढत होतं. लेखकाने महाभारत म्हणायचंच असेल तर ते कोणी मांडलं, हेही लिहायला हवं होतं.

(जाता जाता एक दुरुस्ती. लेखात दोन निकालांची सरमिसळ झाली आहे. एडिथ विंडसर या वृद्ध बाईंना बायकोच्या मृत्यूनंतर 3,63,053 डॉलरचा वारसा कर भरावा लागला, त्यावरचा निकाल 26 जून 2013 चा. ओबर्गफेल यांचा, सगळ्या देशात समलिंगी लग्नं मान्य करणारा, निकाल 26 जून 2015 चा. तारीख एकच असली तरी मधल्या दोन वर्षांत काय झालं, हे मला फार जवळून माहीत आहे.)

माझी धाकटी मुलगी 2008 पासून ओहायोत आहे. 2009 साली तिने फोनवर स्वतःबद्दल सांगितलं, तेव्हा मी सात महिने तिच्याशी धड बोलले नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ही बाई पहिल्यापासून त्याच बाजूची असणार, असं लेखकाला वाटेल. मला पटायला वेळ लागला आणि त्याची मला आजही लाज वाटते. 2012 साली न्यूयॉर्कमध्ये तिचं लग्न झालं. मी गेले नाही. 2014 च्या मार्चमध्ये मात्र गेले, डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळंतशेपा घेऊन. मुलीची बायको बाळंत होणार होती. मी तिला सूनच म्हणते.

नात झाली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली नोंदणीची बाई फॉर्म घेऊन खोलीत आली. मी खुर्चीत बसले होते. फॉर्म इंग्रजीत असला तरी माझ्या ओळखीचा होता, असले कागद मी आयुष्यभर भरले आहेत. आईच्या रकान्यात सुनेचं नाव तिने लिहिलं. पुढच्या रकान्याशी पेन थांबला. माझी मुलगी तिथेच उभी होती, बाळ तिच्या खांद्यावर होतं. त्या बाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, 'माफ करा' म्हणाली आणि रकान्यात आडवी रेघ मारली. ती रेघ मी ओळखते. मीही शेकडो वेळा मारली आहे, जिथे माणूसच नसतो तिथे.

नवऱ्याच्या संमतीने दुसऱ्या पुरुषाच्या बीजापासून मूल झालं, तर तेव्हाही ओहायोचा कायदा नवऱ्यालाच बाप मानत होता आणि दाखल्यावर त्याचं नाव बिनबोभाट लागत होतं. माझ्या मुलीचं लागत नव्हतं. 14 एप्रिलला त्याच न्यायाधीश ब्लॅक यांनी हेच निकालात लिहिलं. त्या रात्री आमच्या घरात आनंद होता, मी शिरा केला. दोनच दिवसांत त्या निकालाला स्थगिती आली आणि तो फक्त दावा लावणाऱ्या चार जोडप्यांपुरता उरला. आम्ही त्या चारांत नव्हतो.

पुढच्याच आठवड्यात सुनेला टाक्यांच्या जागी संसर्ग होऊन पुन्हा भरती करावं लागलं, आणि त्याच संध्याकाळी बाळाला ताप भरला. मी आणि मुलगी तिला घेऊन दुसऱ्या दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, तुम्ही बाळाच्या कोण? मुलीने लग्नाचा दाखला पुढे केला. इथे हा चालत नाही, आईची संमती लागेल, असं उत्तर आलं. आई दुसरीकडे सलाईनवर. फोनवर तिला गाठून संमती घेईपर्यंत पन्नास मिनिटं गेली. माझ्या मांडीवर दीड महिन्याचं तापलेलं पोर, आणि शेजारी तिची आई, जिला आई म्हणायला तो दवाखाना तयार नव्हता. ती काउंटरवरची मुलगी उद्धट नव्हती. तिलाही वाईट वाटत होतं. पण रकान्यात रेघ होती.

म्हणून किम डेव्हिस बाईंचा मला राग येतो. त्यांना काही 'साधी कारकून' म्हणता येणार नाही, त्या निवडून आलेल्या काउंटी क्लर्क, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या नोंदणी अधिकारी होत्या. 2015 च्या निकालानंतर त्यांनी लग्नाचे परवाने देणंच बंद केलं. परवाना मागायला आलेल्या माणसांना परत पाठवलं, ती पुन्हा आली, पुन्हा परत पाठवली. न्यायालयाचा आदेश मोडला म्हणून पाच दिवस तुरुंगात गेल्या. पुढे केंटकीने त्या फॉर्मवरून क्लर्कचं नाव काढूनही टाकलं, तरी त्यांचं समाधान झालं नाही. आता मागणी होती ती सगळ्या देशाचा निकालच फिरवण्याची.

माझ्या टेबलावर 1994 साली एक अविवाहित मुलगी आईला घेऊन आली होती. बाळाची नोंद करायची होती. ऑफिसात कुजबुज सुरू झाली, एकाने तर 'उद्या या' सांगून वाटेला लावायला सुचवलं. माझ्या घरच्या संस्कारांतही ते बसत नव्हतं, हे कबूल करते. मी अर्ज घेतला, आईचं नाव लिहिलं, दाखला दिला. मुदतीच्या आत आलेली नोंद विनाशुल्क करायची असते, आणि नोंद घेणाऱ्याचं मत काय, असा रकाना कुठल्याच नमुन्यात नाही. श्रद्धा माझीही आहे. रोज देवपूजा करून मी ऑफिसला जात असे. देव्हारा घरी होता, वही नगरपालिकेची होती.

लेखकाचा दुसरा मुद्दा लोकमताचा. ओहायोत 2004 साली सुमारे 62 टक्के मतांनी बंदी आली, मग न्यायाधीशांनी ती का मोडावी? नोव्हेंबर 2014 मध्ये अपिलात न्यायाधीश सटन यांनी साधारण हेच म्हटलं होतं, की हा प्रश्न लोकांनी सोडवावा. किती वर्षांत सोडवावा? माझ्या नातीचा ताप तेवढा थांबणार होता का? गोऱ्या माणसाने काळ्या बाईशी लग्न करण्यावरची बंदी 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने उठवली, तेव्हाही ती 16 राज्यांत शिल्लक होती. त्या राज्यांत मतदान घेतलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर लेखकाने द्यावं.

आणि एक गोष्ट आपल्या वाचकांना चटकन कळेल. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न कित्येक घरांत होतं. ओहायोत सख्ख्या मामे-चुलत भावंडांचं लग्न लागत नाही. पण दुसऱ्या राज्यात लागलेलं असेल तर ओहायो ते मानायचं. न्यायाधीश ब्लॅक यांनी नेमकं हेच विचारलं: बाहेर लागलेली बाकीची लग्नं मानता, मग हेच का नाही? लेखात याचा उल्लेखही नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी लग्नांना मान्यता द्यायला नकार दिला, त्यानंतर इथे काय, यावर लिहायला बसले तर पत्र संपणार नाही. माझ्या मुलीचं लग्न इथल्या कुठल्याही वहीत नाही, एवढंच सांगते.

आता आपल्याच दैनिकाबद्दल, कारण ते मनात राहिलं आहे. आमच्या घरात नातीचं बारसं ओहायोतच झालं होतं. नाव कानात सांगायला आत्या कोण, यावर थोडं अडलं, मग सुनेची बहीण पुढे झाली आणि तिने मी शिकवल्याप्रमाणे चार वेळा 'कुर्रर्र' केलं. जमलेल्यांपैकी कोणाला काही खटकलं नाही. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये दुरुस्त दाखला आला, रेघ गेली, तिथे माझ्या मुलीचं नाव आलं. त्याची झेरॉक्स मी माझ्या नोकरीच्या कागदांबरोबर ठेवली आहे. मार्च 2016 मध्ये त्या तिघी पहिल्यांदा साताऱ्याला आल्या, तेव्हा नातीच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या शुभेच्छांची छोटी जाहिरात द्यायला मी आपल्या इथल्या कार्यालयात गेले. मजकूर चार ओळींचा. खिडकीतल्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "काकू, आई दोनदा पडलंय. एक नाव मावशी म्हणून टाकू का?" मी समजावून सांगितलं. ते आत जाऊन आले आणि म्हणाले, असं छापता येणार नाही. मी पैसे आणि कागद उचलून घरी आले. मुलीला सांगितलं, उशीर झाला, जागा भरली होती.

येत्या मार्चमध्ये नात बारा वर्षांची होईल. आता तिला मराठी वाचता येतं. तोच कागद घेऊन मी त्या खिडकीवर पुन्हा येणार आहे. आई दोनदा लिहिलेलं आहे, ते तसंच छापावं.

आपली,
एक निवृत्त नोंदणी लिपिक,
सातारा