फोडाची कातडी सोलू नये

संपादक महोदय,

चालण्याच्या फायद्यांविषयी वृत्तपत्रांतून वरचेवर लिहिले जाते. मात्र नव्याने चालू लागलेल्या अनेकांचा उत्साह ज्या क्षुल्लक वाटणाऱ्या कारणाने मावळतो, त्या पायांच्या फोडांविषयी फारसे कोणी लिहीत नाही. फोड आला की तो फोडायचा आणि वरची कातडी सोलून टाकायची, ही सर्रास दिसणारी सवय मला सर्वांत घातक वाटते.

बूट चावतो तेव्हा वरची त्वचा मोज्याला धरून राहते आणि आतले हाड पुढेमागे सरकत असते. या ओढाताणीत त्वचेच्या बाह्यस्तरातच फट पडून तिच्यात पाणी साठते. वरचे पातळ आवरण शाबूत असेपर्यंत जंतूंना आत शिरायला वाट मिळत नाही आणि त्याखाली नवी त्वचा तयार होत राहते. म्हणून लहान, न दुखणारा फोड झाकून तसाच ठेवावा. पाऊल टेकवत नसेल इतका तो मोठा असेल, तरच हात व फोड साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला दोन-तीन ठिकाणी टोचून पाणी हळूहळू निथळू द्यावे. कातडी जागेवरच बसवावी आणि पेट्रोलियम जेली लावून न चिकटणारी पट्टी बांधावी. पट्टी रोज बदलावी. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम स्वच्छ झाल्याचे समाधान मिळते खरे, पण त्याने नव्या पेशीही दुखावतात.

फोड येण्यापूर्वी ती जागा लाल होऊन चुरचुरते. त्याच क्षणी थांबून कागदी चिकटपट्टी लावली, तर पुढचे बरेचसे टळते. लांब पल्ल्याच्या धावपटूंवरील, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी पट्टी आधीच लावलेल्या भागांवर फोडांचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळले होते.

अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा 16 वर्षांचा मुलगा 1924 साली, मोजे न घालता टेनिस खेळताना पायाच्या बोटाला आलेल्या फोडातून रक्तात जंतुसंसर्ग होऊन दगावला. आज प्रतिजैविके आहेत. परंतु पू, पसरत जाणारी लाली, ठणका किंवा ताप दिसताच डॉक्टरांकडे गेले, तरच त्यांचा उपयोग. मधुमेह असलेल्यांनी तर सुई हाती धरूच नये, कारण पायाची संवेदना कमी झाल्यामुळे जखम चिघळली तरी त्यांना ती कळतेच असे नाही.

चालण्याविषयीच्या आपल्या लेखांसोबत ही माहितीही चौकटीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक