लिव्हिया, अंजिरे आणि एक आरोप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत 'आय, क्लॉडियस' या बीबीसीच्या जुन्या मालिकेवरचा लेख वाचला. १९७६ सालच्या या बारा भागांवर मराठीत कुणी इतक्या आपुलकीने लिहील असे वाटले नव्हते. पण एका वाक्याला माझी हरकत आहे. रोमचा सम्राट ऑगस्टस याला त्याची बायको लिव्हिया हिने विषारी अंजिरे खाऊ घालून मारले, असे लेखकाने सरळ इतिहास म्हणून ठोकून दिले आहे. मालिकेत तसे घडते, हे खरे. प्रत्यक्षात तसे घडल्याचा पुरावा मात्र फारच तोकडा आहे.

मालिका पाहिलेल्या माणसाच्या हातून असे वाक्य कसे लिहिले जाते, हे मी समजू शकतो. तो प्रसंगच तसा आहे. ऑगस्टस अंथरुणाला खिळला आहे. घरातल्या कुणावर भरवसा राहिलेला नाही, म्हणून स्वतःच्या हाताने झाडावरून तोडलेल्या अंजिरांशिवाय तो तोंडात काही घालत नाही. शेवटी कॅमेरा त्याच्या, म्हणजे ब्रायन ब्लेस्डच्या, चेहऱ्यावर येऊन थांबतो आणि हलायचे नाव घेत नाही. शान फिलिप्सची लिव्हिया चौकटीबाहेर. नुसता आवाज येतो. जन्मभर संसार केलेली बाई नवऱ्याला चार गोष्टी सुनावते, तितक्या साध्या सुरात ती बोलत राहते. तिच्या बोलण्यातच कुठेतरी त्या उघड्या डोळ्यांतले माणूसपण निघून जाते. नेमके कधी, ते पुन्हा पाहूनही सांगता येत नाही. मग ती बाहेर येते आणि पहिल्या लग्नाच्या मुलाला, टायबेरियसला, जाता जाता सांगते की अंजिरांना हात लावू नकोस.

सगळी मालिका स्टुडिओत झालेली. लढाया नाहीत, हत्ती-घोड्यांचे लवाजमे नाहीत. आखाड्यातली झुंज आपल्याला गर्दीच्या आरोळ्यांतून आणि बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून कळते. हल्लीच्या ऐतिहासिक मालिकांत किल्लासुद्धा संगणकावर बांधतात, तरी तो खोटा वाटतो. इथे चार भिंती आणि बोलणारी माणसे एवढ्यावर आपण सगळे खरे मानून बसतो. म्हणूनच जरा जपून.

आता कागदपत्रे काय म्हणतात ते पाहू. ऑगस्टस इ.स. १४च्या १९ ऑगस्टला इटलीतल्या नोला इथे वारला. शहात्तर पुरायला महिनाभर बाकी होता. रोमन चरित्रकार स्युटोनियस सांगतो की प्रवासातच पोट बिघडले आणि दुखणे वाढत गेले. आपला संसार विसरू नकोस, असे लिव्हियाला सांगून त्याने तिच्याच मिठीत प्राण सोडला. विषाचा उल्लेख नाही, आणि हा लेखक राजवाड्यातली कुजबूज गाळणाऱ्यांतला नव्हे. इतिहासकार टॅसिटसने शंभरेक वर्षांनी लिहिले. काहींना बायकोचा संशय होता, एवढे म्हणून तो पुढे जातो. पण ही बाई सीझरांच्या घराला जाचक सावत्र आई ठरली, अशी नोंद करायला तो विसरत नाही. सावत्र आई म्हटल्यावर पुढचे वाचक आपापल्या मनाने भरून घेतात. अंजिरे येतात ती इतिहासकार डिओ कॅसियसच्या ग्रंथात, म्हणजे दोनशे वर्षांनी. तीही ऐकीव गोष्ट म्हणून.

डिओची गोष्ट अशी: ऑगस्टसला झाडावरून स्वतः अंजिरे तोडून खायची सवय होती, म्हणून लिव्हियाने झाडावरच्याच काही फळांना विष फासले. मग त्याच्या सोबतीला बसून स्वतः बिनविषारी फळे खाल्ली.

मी राहतो सासवडला. इथे आसपास अंजिराच्या बागा आहेत, खट्टा बहार आणि मीठा बहार दोन्ही पाहत आम्ही वाढलो. पिकलेल्या अंजिराची साल इतकी नाजूक की तोडणारा देठाला धरून अलगद तोडतो. जरा दाब पडला की फळ गेले. देठातून पांढरा चीक येतो, तो बोटांना खाज आणतो. अशा फळाला सम्राटाच्या बागेत, नोकरांच्या डोळ्यांदेखत विष फासायचे, ते दिसू द्यायचे नाही, पाखरांनी आधी चोच मारू नये म्हणून थांबायचे, आणि वर कोणती फळे आपली हेही ध्यानात ठेवायचे. करणारीने केलेही असेल. पण आमच्याकडचा बागवान ही गोष्ट ऐकून आधी हसेल. रोमन लेखक प्लिनीने अंजिरांच्या जाती नोंदवल्या आहेत, त्यात एक लिव्हियाच्या नावाची आहे. बाईंचे नाव अंजिराला आधीच चिकटलेले होते म्हणायचे.

ऑगस्टसच्या वारसांच्या मृत्यूंचेही तेच: टायबेरियसची वाट मोकळी करायला लिव्हियाने त्यांनाही मारले, असा आरोप. इ.स.पू. २३मध्ये भाचा-जावई मार्सेलस गेला, त्याचे खापरही तिच्यावर फुटले. पण ते वर्षच आजारपणाचे होते, खुद्द ऑगस्टस त्या वर्षी मरता मरता वाचला, आणि डिओसुद्धा या आरोपाबद्दल साशंक आहे. ऑगस्टसचा नातू ल्युशियस इ.स. २मध्ये आजच्या फ्रान्समधल्या मार्से शहरात वारला. दुसरा नातू गायस आर्मेनियात जखमी होऊन इ.स. ४मध्ये परतीच्या वाटेवर, आजच्या तुर्कस्तानात. इतक्या लांबवर हात पोचणारी बाई कादंबरीला हवीच असते.

आणि ही मुळात कादंबरीच आहे. रॉबर्ट ग्रेव्हजने १९३४ साली ती क्लॉडियसच्या तोंडून सांगितली, आणि जॅक पुलमनने पटकथेत ती चाल सोडली नाही. सांगणारा कोण, तर लिव्हियाचाच नावडता नातू. स्युटोनियसच्या म्हणण्याप्रमाणे ती या तोतऱ्या, लंगड्या पोराशी क्वचितच बोले. काही सुनवायचे झाले तर चार ओळींची कडक चिठ्ठी पाठवी. असा नातू आजीचे चरित्र लिहील तर कसे लिहील? तरी गादीवर आल्यावर इ.स. ४२मध्ये त्यानेच तिला देवपण दिले. मालिकेत हा आजी-नातवातला सौदा आहे, आणि तो जेवणाचा प्रसंग मला अंजिरांच्या प्रसंगाइतकाच आवडतो. पण साधे कारणही दिसते. क्लॉडियस ऑगस्टसच्या घराण्यात दत्तक गेलेला नव्हता. देव झालेली सख्खी आजी त्याच्या सिंहासनाला मोठा टेकू होती.

मी त्या घरातल्या सगळ्याच बायकांचे वकीलपत्र घेतलेले नाही. इ.स. ५४मध्ये क्लॉडियस स्वतः मेला, तेव्हा चौथी बायको अग्रिपिना हिने अळंब्यांतून विष दिले, या बाबतीत जुने लेखक बरेच एका सुरात बोलतात. लिव्हियाबद्दल तसा सूर नाही. (आनंदीबाईंचे नाव मी मुद्दाम काढत नाही, वाचकांच्या मनात ते केव्हाच आले असेल.)

लेखकमहाशयांनी पुढच्या वेळी 'मालिकेत' एवढा एक शब्द त्या वाक्यात घालावा, इतकीच विनंती. मालिका मात्र जरूर पाहावी, विशेषतः ज्यांना जॉन हर्टने रंगवलेल्या क्रूर सम्राट कॅलिग्युलाने रात्रीची झोप उडालेली चालते त्यांनी.

आपला,
एक वाचक, सासवड

ता.क. लेखात राहून गेलेली एक गोष्ट: याच कादंबरीवर १९३७ साली लंडनजवळ चित्रपट सुरू झाला होता. चार्ल्स लॉटन क्लॉडियस, आणि त्याची बायको मेसालिना हिच्या भूमिकेत मर्ल ओबेरॉन, जी जन्मली आपल्या मुंबईत. तिला मोटारीचा अपघात झाला आणि चित्रपट अर्ध्यावरच गुंडाळला गेला. विषाचा संशय अजून कुणी घेतलेला नाही.