पायाचे बटण नसलेले मशीन आणि फुकटचे हातमोजे: एक तक्रार पत्र

मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. १४ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: ड्रेनेज साफ करण्याच्या विजेवरच्या स्प्रिंग मशीनमधील उणिवा, चुकीचे प्रात्यक्षिक आणि त्यामुळे झालेली दुखापत.

महोदय,

मी गेली २२ वर्षे कोल्हापुरात प्लंबिंगची कामे करतो. उजव्या हाताची दोन बोटे पट्टीत असल्यामुळे हे पत्र मी सांगतो आहे आणि माझी बारावीतली मुलगी लिहिते आहे. माझे काही शब्द तिने गाळले आहेत, ते गाळलेलेच बरे.

६ मे रोजी आपल्या इथल्या विक्रेत्याकडून मी ड्रमचे स्प्रिंग मशीन ३८,५०० रुपयांना घेतले. ड्रममध्ये गुंडाळलेली लांब स्प्रिंग मोटर फिरवते आणि तिच्या टोकाला लावलेले हत्यार लाइनीतला चोकअप फोडते. तोवर चोकअप काढायला माझ्याकडे बांबूच्या पट्ट्या आणि हाताने फिरवायची स्प्रिंग एवढेच होते. जून लागला की राजारामपुरी, शाहूपुरीतल्या जुन्या इमारतींच्या लाइनी तुंबतात आणि दिवसाला चार-चार फोन येतात, म्हणून पावसाच्या तोंडावर घेतले. मशीन मुळातच वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. हे यंत्र हवेच. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मी कोणाला उतरवले नसते. माझी तक्रार या मशीनमधून जे काढून टाकले आहे त्याबद्दल आहे, आणि ते काढून टाकल्यावर आपल्या माणसाने आम्हाला जे शिकवले त्याबद्दल आहे.

२१ जूनला राजारामपुरीतल्या एका जुन्या इमारतीत गेलो. मागच्या बाजूची सहा इंची स्टोनवेअरची, म्हणजे भाजलेल्या मातीच्या पाइपांची लाइन, शेजारी उंबराचे झाड. असल्या पाइपांच्या जोडावरचे सिमेंट सुटले की झाडाची बारीक मुळे आत शिरतात आणि आत केसांच्या जटेसारखा गुंता होतो. आधी स्प्रिंगच्या टोकाला भाला लावून पाहिला, त्याला मुळे आली, म्हणून मुळे कापणारा कटर लावला. मशीनची वायर आखूड, त्यामुळे ते जिन्याखालच्या प्लगजवळ ठेवावे लागले. तिथून चेंबर सहा फुटांवर. मधली स्प्रिंग मोकळी. माझ्या हाताखालचा पोरगा मशीनच्या बटणापाशी आणि मी चेंबरपाशी स्प्रिंग धरून, कारण आपल्या प्रतिनिधीने दुकानात असेच करून दाखवले होते. "मिस्त्री, हे दोघांचे काम आहे, एकाने बटण बघायचे, दुसऱ्याने स्प्रिंग," हे त्याचे शब्द आहेत.

कटर मुळात अडकला. टोक थांबले, मोटर थांबली नाही. ओला टॉवेल दोन्ही हातांनी पिळत राहिल्यावर जसा मध्येच दुमडून उभा राहतो, तशी ती १६ मिमीची स्प्रिंग माझ्या आणि मशीनच्या मधल्या मोकळ्या भागात वळली आणि तिची कडी झाली. मी ओरडलो, "बंद कर!" पोराने ऐकले, वळला, बटण दाबले. यात दोन सेकंद गेली असतील. आपल्या मशीनच्या पाटीवर मिनिटाला ४०० फेरे लिहिले आहेत, म्हणजे सेकंदाला साडेसहा. दोन सेकंदांत तेरा. माझा हातमोजा पहिल्याच फेऱ्याला स्प्रिंगच्या वेढ्यात धरला गेला होता. करंगळीचे हाड दोन ठिकाणी मोडले, शेजारच्या बोटाची कातडी सोलून निघाली. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. स्प्रिंगचा पीळ मात्र मोटर बंद झाल्यावरही वाट सापडेल तिथून सुटतो, आणि तिथे माझा हात होता.

माझी चूक कुठे झाली ते आधी सांगतो, म्हणजे पुढच्या फोनवर ते आपल्याला सांगावे लागणार नाही. सहा फुटांवर मशीन ठेवायला नको होते. मस्कतला पाच वर्षे काम करून आलेला एक प्लंबर मला भेटायला आला होता. त्याच्याकडे तिकडच्या तसल्याच मशीनचे इंग्रजी पुस्तक आहे. माझ्या मुलीने ते दोन संध्याकाळी बसून वाचून दाखवले. त्यात लिहिले आहे की मशीन पाइपाच्या तोंडापासून दोन फुटांच्या आत हवे. तेवढे जवळ नेता येत नसेल तर मधली स्प्रिंग पाइपाच्या तुकड्यातून न्यावी, म्हणजे तिला वळायला जागाच राहत नाही. २२ वर्षे काम करूनही मला हे माहीत नव्हते, कारण हाताच्या स्प्रिंगला याची गरज पडत नाही. आपल्या खोक्यातून जो कागद निघाला त्यात हे वाक्य नाही. त्या कागदावर इंग्रजीत सात ओळी आहेत, त्यातल्या दोन वॉरंटीच्या.

त्याच पुस्तकात पहिल्या पानांवर पायाच्या बटणाचे चित्र आहे. रबराची एक चपटी पिशवी असते, तिच्यातून बारीक नळी मशीनकडे जाते. पायाने दाबले की आतली हवा नळीतून जाऊन मशीनमधले बटण चालू करते. पायाखाली वीज येतच नाही, नुसती हवा, म्हणून ओल्या फरशीवरही ते चालते. पाय उचलला की मोटर बंद. ज्याच्या हातात स्प्रिंग त्याच्याच पायाखाली बटण, हा त्याचा सगळा अर्थ आहे. स्प्रिंग जड लागू लागली हे सगळ्यात आधी हाताला कळते. डोळ्याला, कानाला नंतर. हाताला कळल्यावर पाय उचलायला ओरडावे लागत नाही. आपल्या मशीनला मागच्या बाजूला ती नळी बसवायची जागा आहे, भोक आहे, त्यावर काळे बूच ठोकलेले आहे. म्हणजे मूळ बनावटीत पायाचे बटण होते. ते काढून वर साधे चालू-बंद बटण बसवले आहे, जे एकदा दाबले की दाबलेलेच राहते. हे कोणी आणि किती रुपये वाचवायला केले, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

आता हातमोज्यांबद्दल. मशीनसोबत 'सेफ्टी किट' म्हणून जे मोजे फुकट दिले ते विणलेल्या सुताचे, तळव्यावर रबराचे ठिपके असलेले. विटा उचलायला उत्तम. स्प्रिंगच्या कामाला मात्र असले मोजे उघड्या हातापेक्षा वाईट म्हणावे लागतील. सुताचे धागे फिरत्या वेढ्यात जातात, रबर चिकटते, आणि मग मोजा हाताला सोबत घेऊन फिरतो. या कामाला जाड चामड्याचे मोजे लागतात. ते धरले जात नाहीत, घसरतात. त्या पुस्तकात कापडाचे आणि ढिले रबराचे मोजे वापरू नका असे ठळक अक्षरांत छापले आहे. तसेच अंगठी, कडे, लोंबणारी बाही, गळ्यातला गमछा नको. आपल्या प्रतिनिधीने स्वतः गळ्यात गमछा असताना प्रात्यक्षिक दिले. आपण ज्या व्हिडिओची लिंक पाठवली त्यात तर गडी स्प्रिंगला फडके गुंडाळून धरतो आहे.

त्याच व्हिडिओत "अडकले की रिव्हर्स मारा" असे सांगितले आहे. रिव्हर्स हा अडकलेला कटर सोडवण्यापुरता, क्षणभराचा. तेही आधी मोटर पूर्ण थांबू देऊन. उलटे फिरवत काम केले तर स्प्रिंगचे वेढे उघडतात आणि ती कायमची खराब होते. आपण नवीन स्प्रिंग विकता, तेव्हा आपल्याला कदाचित यात गैर वाटत नसेल.

विजेचे वेगळेच प्रकरण. मे महिन्यातच ओल्या मोरीत काम करताना ड्रमला हात लागला की झिणझिण्या येत होत्या. मी विक्रेत्याला फोन केला, तो म्हणाला, "रबरी चप्पल घाला." अपघातानंतर ओळखीच्या वायरमनने मशीन उघडले. आत येणारी वायर दोन तारांची आहे. प्लगला तीन पिना आहेत, पण वरच्या जाड पिनेला काहीच जोडलेले नाही. लोखंडी ड्रम, गटाराचे पाणी, आणि अर्थिंग नुसते दाखवायला. वायरमनने जे समजावले ते आपल्या इंजिनिअरना माहीत असणारच, तरी लिहितो. घरातला १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा खटका, वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याला दिसतही नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो, जो ३० मिलिअँपिअर गळती झाली की तोडतो. १६ अँपिअर हे त्याच्या पाचशेपटीहून जास्त होतात. जुन्या इमारतीत तो असेलच असे नाही, म्हणून मस्कतच्या पुस्तकातल्या मशीनला असला गळती तोडणारा खटका वायरवरच बसवलेला असतो आणि काम सुरू करण्यापूर्वी त्याचे टेस्टचे बटण दाबून बघायला सांगितलेले असते. माझ्या बाबतीत बोटांवर निभावले. झिणझिण्यांवर निभावले नसते तर हे पत्र लिहायला मुलीला स्वतःलाच शब्द शोधावे लागले असते.

याशिवाय चष्मा, आणि लाइनीत आधी कोणी ॲसिड किंवा कॉस्टिक ओतले आहे का ते विचारणे. स्प्रिंग बाहेर येताना ते तोंडावर उडते. ही खबरदारी मी आधीपासून घेतो, पण नवा पोरगा घेणार नाही, आणि आपल्या कागदात तीही नाही.

२३ जूनपासून आजवर मी आपल्या कार्यालयात नऊ फोन केले. पहिल्याने सांगितले, "मानवी चूक वॉरंटीत बसत नाही." दुसऱ्याने मशीन बदलून घेण्याची दहा दिवसांची मुदत संपल्याचे सांगितले. मी मशीन बदलून मागितलेच नव्हते. तिसऱ्या बाईंनी खरोखर आपुलकीने चौकशी केली, पण त्यांच्याकडे एवढेच अधिकार होते की नव्या स्प्रिंगवर दहा टक्के सूट. मुलगी म्हणाली, "बाबा, बोटावर किती टक्के आहे ते विचारा."

काही जणांनी मला सांगितले की मशीन धंद्यासाठी घेतल्यामुळे मी ग्राहक ठरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की केवळ स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. माझे दुकान नाही. मी आणि एक पोरगा. त्याच कायद्याच्या कलम ८४ नुसार वस्तूत दोष असेल, किंवा इजा टाळण्यासाठी वापराच्या पुरेशा सूचना आणि इशारे दिलेले नसतील, तर उत्पादक जबाबदार असतो. कलम ८७ आपले वकील दाखवतील: उघड दिसणाऱ्या धोक्याचा इशारा दिला नाही म्हणून उत्पादक जबाबदार नाही. फिरत्या स्प्रिंगमध्ये बोट घालू नये हे उघड आहे, मान्य. पण कंपनीनेच 'सेफ्टी' म्हणून दिलेला मोजा हात ओढून नेईल, हे कोणाला उघड दिसते? आणि तीन पिनांच्या प्लगमागे दोनच तारा आहेत हे तर प्लग न उघडता देवालाही दिसणार नाही.

आधी पैशाचे बोलतो. मशीनचे ३८,५०० रुपये, उपचाराचे २३,४०० रुपये, आणि ऐन हंगामात बुडालेल्या कामाची भरपाई. कामाच्या वहीची प्रत सोबत आहे, बिलाची आणि एक्स-रेचीही आहे. आकडा फुगवलेला नाही, हवे तर त्या गिऱ्हाइकांना विचारा.

पण पैसे देऊन हे मिटवू नका. या भागात हेच मशीन घेतलेले निदान चार जण मला माहीत आहेत, त्यातला एक जण सोसायटीचा वॉचमन आहे, तो रविवारी स्वतःच चालवतो. अशा प्रत्येकाला आधी फोन करून ते मोजे वापरू नका आणि अर्थिंग तपासल्याशिवाय प्लग लावू नका, एवढे तरी सांगा. मग पायाचे बटण, तीन तारांची पुरेशी लांब वायर आणि ३० मिलिअँपिअरचा खटका विनामूल्य बसवून द्या. तो व्हिडिओ काढा. सूचना मराठीत, चित्रांसह, मशीनच्या अंगावर चिकटवा. कागद पहिल्याच दिवशी गटाराच्या पाण्यात भिजतो.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे.

मशीन मी विकलेले नाही, दुरुस्तही केलेले नाही. हातावर उरलेला मोजा दवाखान्यात कापून काढला, त्याचा बाकीचा निम्मा भाग अजून स्प्रिंगच्या वेढ्यात तसाच आहे. तपासायला कोणाला पाठवणार असाल तर ज्याने दुकानात प्रात्यक्षिक दिले त्यालाच पाठवा. चहा देईन. फक्त येताना गमछा घरी ठेवून यायला सांगा.

आपला ग्राहक,
(डाव्या हाताची सही)
प्लंबर, मंगळवार पेठ, कोल्हापूर