बातमीत वेळेचा उल्लेखच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातील ‘लुळे हात पुन्हा हलणार’ ही बातमी वाचली. जनुके पोहोचवून तुटलेल्या नसा वाढवण्याचे हे संशोधन मोलाचे आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. माझा राग बातमीवर आहे. प्रयोग उंदरांवर झाले, हे शेवटच्या परिच्छेदात एका ओळीत उरकले. वेळेबद्दल तर अक्षरही नाही.

माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात मोटारसायकलच्या अपघातात लुळा पडला. खांद्याला हिसका बसून मानेतून हातात येणाऱ्या नसा मुळातून उपटल्या गेल्या होत्या. पण पहिल्या डॉक्टरांनी फक्त एक्स-रे पाहिला. कॉलरबोन बसवले, ‘व्यायाम करा, ताकद आपोआप येईल’ म्हणाले आणि घरी पाठवले. आम्ही इमानेइतबारे व्यायाम करून घेत राहिलो. नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो वर्ष उलटून गेले होते. त्यांनी हात चाचपला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘इतके दिवस कुठे होतात?’ त्या प्रश्नाची चीड आजही जात नाही, कारण तो विचारायला हवा होता पहिल्या डॉक्टरांना.

तुटलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. खांद्यापासून तळहातापर्यंतचे अंतर धरा, हिशेब दीड-दोन वर्षांवर जातो. तोवर स्नायू थांबत नाही. नसेशिवाय वर्ष-दीड वर्ष गेले की तो वाळतो, त्याच्या जागी निबर धागे आणि चरबी येते. मग नस तिथवर पोहोचली तरी हलवणार काय? म्हणूनच अशा दुखापतीत शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांत व्हावी लागते. जनुकोपचाराची धडपडही याच शर्यतीसाठी आहे.

ही धडपड किती अवघड आहे, तेही वाचकांना सांगायला हवे होते. नसेच्या वाढीला जीडीएनएफ हे प्रथिन मदत करते. त्याचे जनुक विषाणूच्या पोकळ खोक्यातून सोडले, तर तंतू वाढतात खरे, पण प्रथिन जिथे भरपूर तिथेच गुंतून बसतात, स्नायूकडे जातच नाहीत. ॲमस्टरडॅमच्या योस्ट व्हेरहागन यांच्या गटाने २०१९ मध्ये यावर मार्ग दाखवला. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिले की जनुक चालू, थांबवले की बंद. काही आठवड्यांनी जनुक बंद केल्यावर तंतू न अडकता लांबवर गेले. केवढी देखणी कल्पना आहे ही! अशी गोष्ट सोडून आपण ‘चमत्कार’ हा शब्द तीनदा छापलात.

शिवाय बातमीत ‘अशी औषधे बाजारात आलीच आहेत’ असे वाक्य आहे. डोळ्यांसाठीचे लक्सटर्ना अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झाले, बाळांच्या स्नायुदौर्बल्यावरचे झोलजेन्स्मा २०१९ मध्ये. दोन्ही औषधे जन्मतः सदोष असलेल्या जनुकाची उणीव भरून काढतात. तुटलेली नस त्यांनी वाढत नाही. ही सरमिसळ वाचून ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी काय समजावे? आमच्याकडे काल दिवसभर नातेवाइकांचे फोन येत होते, ‘आता बरा होणार ना?’ प्रत्येकाला उत्तर भावालाच द्यावे लागले.

अपघातानंतर हात लुळा असेल, हाडे जुळूनही बोटे हलत नसतील, तर थांबू नका, नसांच्या तज्ज्ञाला गाठा. एवढी एक चौकट बातमीला जोडली असती तर एखाद्याचा हात तरी वाचला असता. ती अजूनही छापता येईल.

जाता जाता आणखी एक. त्याच बातमीच्या खाली लकव्यावर पेशींची इंजेक्शने देणाऱ्या दवाखान्याची जाहिरात होती, ‘खात्रीशीर गुण’ असे शब्द आणि फोन क्रमांकासकट. जाहिरात विभाग वेगळा असतो, हे मी जाणतो. भावाने मात्र बातमी वाचून झाल्यावर तोच क्रमांक लावला होता. कोणती खात्री करून घेऊन आपण ती जाहिरात स्वीकारलीत, याचे उत्तर कृपया याच सदरात द्यावे.

— एक जुना वाचक