परदेशी लाभांशावरील करकपातीचा तपशील मिळावा

महोदय,

सोने, शेती आणि मुदत ठेवी यांपलीकडे न पाहणाऱ्या आमच्या जळगाव-भुसावळकडील घरांतील तरुण आता मोबाइलवरून अमेरिकी ईटीएफ (शेअरबाजारात खरेदी-विक्री होणारे फंड) घेऊ लागले आहेत. माझ्या मुलाच्या अशाच खात्याचा हिशेब करताना असे आढळले, की ब्रोकरच्या विवरणात लाभांशाची केवळ हाती आलेली रक्कम दाखवलेली होती. आपण अमेरिकेचे करदाते रहिवासी नसल्याचे सांगणारा डब्ल्यू-८बेन फॉर्म भरलेला असल्यास भारत-अमेरिका कर करारानुसार २५ टक्के, नसल्यास ३० टक्के कर तिकडेच कापला जातो. म्हणजे १०० डॉलरपैकी ७५ खात्यात जमा होतात, परंतु येथे करपात्र उत्पन्न मात्र पूर्ण १०० डॉलर धरावे लागते. कापलेल्या कराचे श्रेय, म्हणजे येथील करातून तेवढी वजावट, न मागितल्यास ३० टक्के टप्प्यातील करदात्याचे, अधिभार सोडूनही, ५५ डॉलर करातच जातात. ते श्रेय मिळवण्यासाठी गेल्या वर्षी आम्ही फॉर्म ६७ भरला, तेव्हा प्रत्येक कपातीला आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बँक डॉलर ज्या दराने विकत घेते तो) लावावा लागला, आणि कपातीच्या तारखाच हाती नसल्याने दोन रविवार त्यात गेले. अमेरिकेत कापलेल्या कराचे १०४२-एस प्रमाणपत्र मिळते खरे, पण ते जानेवारी ते डिसेंबरचे असते. ब्रोकरांनी एप्रिल ते मार्चचे, एकूण लाभांश, कापलेला कर आणि तारीख दाखवणारे स्वतंत्र विवरण द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, भुसावळ