ओढ्यातून गाडी काढल्यावर डिफरन्शियल तपासा

संपादक महोदय,

पावसाळ्यात मावळ, मुळशी, जुन्नरकडच्या शेतरस्त्यांवर फोर-व्हील जीप ओढ्यातून सर्रास काढल्या जातात. गाडी पार झाली की चालक निश्चिंत होतो, पण खरी खराबी पुढेच असते. तापलेला डिफरन्शियल (अॅक्सलच्या मध्यावरचा, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ऑइल सील (ऑइल गळू न देणारी कडी) किंवा ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या छोट्या तोंडातून) पाणी आत ओढले जाते. म्हणून ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटच्या उंचीपर्यंत न्यावी. खर्च अगदी किरकोळ. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी डिफरन्शियलच्या तळाचा ड्रेन प्लग (ऑइल काढायचा बोल्ट) किंचित सैल करावा. पाणी जड, त्यामुळे आधी तेच टिपकते. ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले तर त्याच दिवशी बदलावे, नाहीतर बेअरिंग गंजते आणि क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली मुख्य गिअरची जोडी) घरघरू लागते.

आणखी एक कळकळीची विनंती: डांबरी रस्ता लागताच फोर-व्हील (चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी जोडणी) बंद करा. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. लिव्हरने फोर-व्हील जोडणाऱ्या जीपमध्ये हा फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शियल नसतो, मग सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर) आणि प्रोपेलर शाफ्टच्या (ती ताकद अॅक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर येतो. फोर-व्हील बंद करताना लिव्हर अडकलाच तर हिसके देऊ नयेत, गाडी सरळ थोडी मागे घ्यावी.

– एक मेकॅनिक, जुन्नर