दादा, तुझ्या होडीवर रेडिओ अजून कोणाला येतो?

साउथॅम्प्टन, १४ जून

ती. दादास साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर तू विचारलंस की हौसेच्या बोटीवर रेडिओ ठेवायला परीक्षा कशाला, आणि तेवढ्यात वहिनीने जेवायला हाक मारली नि विषय राहूनच गेला. मला तो अर्धवट सोडायचा नाहीये म्हणून सगळं लिहितोय. आईलाही वाचून दाखव, पण आधीच सांग की आम्ही सगळे सुखरूप आहोत.

इथे ब्रिटनमध्ये दोन कागद लागतात, एक बोटीचा आणि एक माणसाचा. बोटीचा म्हणजे शिप रेडिओ लायसन्स, ते ऑफकॉम, म्हणजे इथली रेडिओ-फोनवर देखरेख ठेवणारी संस्था, देतं, ऑनलाइन काढलं तर फुकट, आणि कायमचं चालतं, फक्त दहा वर्षांतून एकदा माहिती तीच आहे असं कळवायचं. त्यातच बोटीची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची तिची खूण, मिळते आणि नऊ आकडी एमएमएसआय नंबर, म्हणजे बोटीच्या रेडिओचा ओळख क्रमांक, तो सेटमध्ये भरून ठेवतात. हातातला छोटा सेट आज या बोटीवर उद्या त्या बोटीवर न्यायचा असेल तर त्याचं पोर्टेबल लायसन्स वेगळं. माणसाचा कागद म्हणजे शॉर्ट रेंज सर्टिफिकेट, सगळे एसआरसी म्हणतात, आरवायए या नौकाविहाराच्या संस्थेकडून मिळतं, आधी क्लास मग परीक्षा. हे सर्टिफिकेट असलेला एकजण बोटीवर असला की बाकीचे त्याच्या देखरेखीखाली बोलू शकतात. सगळीकडे असं नाही हां, अमेरिकेत २० मीटरपेक्षा लहान हौशी बोट आपल्याच देशाच्या पाण्यात फिरत असेल तर व्हीएचएफला, म्हणजे बोटीवरच्या या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओला, १९९६ पासून लायसन्सच लागत नाही. पण मला इथलीच पद्धत पटली, का ते सांगतो.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट, तुम्हाला सांगितली नव्हती, रागावू नका. माझ्याकडे तेव्हा सर्टिफिकेट नव्हतं. मी आणि माझा मित्र दोघंच त्याच्या बोटीवर कॅलशॉटच्या बाहेर होतो, जिथून कंटेनरची मोठाली जहाजं साउथॅम्प्टनला वळतात. वारा फिरला आणि शिडाचा आडवा दांडा त्याच्या डोक्यात बसला, तो पडला तो उठेचना, रक्त बघून माझे हातपाय गार पडले. रेडिओ समोर, माइक हातात, आणि मी गप्प. डोक्यात एकच, आपल्याकडे कागद नाही, बोललो तर गुन्हा होईल का. किती वेळ गेला माहीत नाही, एक मिनिट असेल, पण ते मिनिट मला अजून रात्री आठवतं. शेवटी १६ वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनेलवर, नुसतं हेल्प हेल्प म्हटलं. कोस्टगार्डच्या बाईंनी शांतपणे विचारलं कुठे आहात, तर मी म्हणालो आइल ऑफ वाइटजवळ. दादा, आइल ऑफ वाइटजवळ म्हणजे बेट आणि किनाऱ्यामधली अख्खी सोलंट सामुद्रधुनी झाली! जीपीएसचे आकडे नाकासमोर होते, मला ते वाचायचं सुचलं नाही. त्यांनीच एकेक विचारून काढून घेतलं, लाइफबोट आली, मित्राला सात टाके पडले नि तो बरा झाला.

मग क्लासला पहिल्याच तासाला कळलं की नियमातच लिहिलंय, जीव धोक्यात असेल तेव्हा कोणीही रेडिओ वापरावा, सर्टिफिकेट असो नसो. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर ते मिनिट गेलं नसतं.

क्लासमध्ये एकमेकांना जोडलेले खोटे सेट असतात, बाहेर काही जात नाही, त्यामुळे आम्ही दिवसभर बुडत होतो म्हण. झाकणाखालचं लाल बटण दाबून धरलं की ७० नंबरच्या चॅनेलवरून एमएमएसआय आणि जीपीएसची जागा आपोआप जाते, उत्तर येईपर्यंत साधारण दर चार मिनिटांनी परत जाते. त्यानंतर १६ वर तोंडाने सांगायचं, आणि त्याचा क्रम ठरलेला. मेडे, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक, तीनदा, बोटीचं नाव तीनदा, कॉल साइन, मग परत मेडे आणि नाव, लगेच जागा, काय झालंय, कसली मदत हवी, माणसं किती, आणि ओव्हर. जागा इतक्या आधी का, तर पुढचं बोलणं तुटलं तरी शोधायला येणाऱ्याला कुठे जायचं ते कळतं. सिनेमात ओव्हर अँड आउट म्हणतात ते चूक आहे, ओव्हर म्हणजे तू बोल आणि आउट म्हणजे माझं संपलं, दोन्ही एकदम कसं चालेल. गप्पाही १६ वर मारायच्या नाहीत, हाक मारायची नि ६, ८, ७२ नाहीतर ७७ वर जायचं, म्हणजे संकटातल्या माणसाला १६ मोकळा मिळतो.

आता तुझं. तुझ्या होडीवर सेट आहे, तुला तो झोपेतही येतो. पण अंधारात जाळं ओढताना तूच पाण्यात गेलास तर माइक कोण उचलणार? पांडू? की ती नेपाळची दोन पोरं? त्यांनी तुझ्यासमोर कधी बटणाला हात तरी लावलाय का?

आत्ता मासेमारीची बंदी आहे, ३१ जुलैपर्यंत होडी खाडीतच असणार. तेवढ्यात एक कर. एका पुठ्ठ्यावर क्रमाने लिही, होडीचं नाव आणि नंबर आधीच मोठ्या अक्षरात, जीपीएसचे आकडे कुठे दिसतात तिथे बाण, खाली १६ आणि कोस्ट गार्डचा १५५४. हिंदीत लिही, नेपाळी पोरांनाही देवनागरी वाचता येते. मग प्लास्टिकमध्ये घालून सेटच्या बाजूला चिकटव, आणि बंद सेटवर प्रत्येकाकडून तीन तीनदा म्हणवून घे, लाजतील पण सोडू नकोस.

नारळी पौर्णिमेला नारळ सोडायच्या आधी मला त्या पुठ्ठ्याचा फोटो पाठव, मी वाट बघतोय. आईला नमस्कार, वहिनीला सांग कोकम संपलं.

तुझा धाकटा